परक्यांच्या उपासनेतील पाहुणा

दुसऱ्याच्या घरी जेवावयास गेलेल्या पाहुण्यास पानात काय वाढले ते दिसते; चुलीपाशी काय चालले आहे ते दिसत नाही. परपंथीयांच्या उपासनेस जाऊन बसणाऱ्या माणसाची स्थिती काहीशी अशीच असते, आणि तो वार्ताहर असला तर जे दिसले तेवढ्यावरून त्याला हजारो वाचकांचे मत बनवावयाचे असते.

नागपूरकरांना हा प्रसंग अपरिचित नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आदल्या सायंकाळी श्याम हॉटेलात वार्ताहरांना बोलावून त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली होती. दुसऱ्या दिवशी महास्थविर चंद्रमणी यांनी पालीतून त्रिशरण व पंचशील दिले. नंतरच्या बावीस प्रतिज्ञा मात्र मराठीतून झाल्या, म्हणजे बाहेरून आलेल्या मराठी माणसासही त्यातील शब्द न् शब्द कळण्याजोगा होता. असे असूनही त्या दिवसाचा विषय निघाला की पुष्कळांचे बोलणे प्रथम समुदायाच्या संख्येकडे वळते, व तीन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात. डोकी मोजणे सोपे. प्रतिज्ञा ऐकणे कठीण.

अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या वाट्याला असे पाहुणे फार आले. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क संस्थानात जोसेफ स्मिथ याने हा पंथ स्थापिला. बायबलाच्या जोडीस 'मॉर्मनचा ग्रंथ' हे शास्त्र मानीत असल्यामुळे अनुयायांना मॉर्मन हे नाव पडले. वृत्तपत्रांशी त्यांचे नाते आरंभापासूनच बिकट होते. १८४४ साली नावू या गावी स्मिथच्या विरोधकांनी 'नावू एक्स्पॉझिटर' हे पत्र काढले. त्याचा एकच अंक निघाला. नगराध्यक्ष या नात्याने स्मिथने तो छापखाना मोडविला; त्या प्रकरणातून तो कार्थेजच्या तुरुंगात पडला, आणि २७ जून रोजी जमावाने तुरुंगात शिरून त्याला ठार मारले. पुढे ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखाली हे लोक १८४७ मध्ये रॉकी पर्वत ओलांडून खाऱ्या सरोवराकाठी गेले व तेथे त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसविली.

या पंथाचे प्रचारक महाराष्ट्रातही येऊन गेले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. १८५२ साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश गृहस्थ मुंबईस उतरला. नंतर त्याचा भाऊ अ‍ॅलन त्याला येऊन मिळाला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून स्थायिक होऊन शाळा व प्रचार या दोन्ही कामांत गढले होते. परंतु हिस्लॉप यांच्या पाठीशी स्कॉटलंडातील एक मोठी मंडळी होती, तशी फिंडलेच्या पाठीशी कोणी नव्हती. अशात १८५२ च्या ऑगस्टात सॉल्ट लेक येथे बहुपत्नीकत्वाचा सिद्धांत उघडपणे जाहीर झाला, आणि ती वार्ता हिंदुस्थानात पोहोचताच जे थोडे लोक ऐकावयास तयार होते तेही बिचकले. मुंबईच्या 'टेलिग्राफ अँड कुरियर' पत्राने या पंथाविरुद्ध लिहिले. फिंडलेने १८५३ मध्ये स्वतंत्र पत्रक छापून त्यास उत्तर दिले. पुण्यास गेल्यावर लष्कराच्या हद्दीत उपदेश करण्यास त्याला मनाई झाली. तरीही तेथे एक छोटी मंडळी जमली. नागपूरचे राज्य खालसा झाले तो १८५४ चा काळ हाच. लवकरच फिंडले बंधू परत गेले आणि १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानातील ही सारी खटपट संपली. पुण्याच्या त्या छोट्या मंडळीची उपासना कशी होई, याचे वर्णन करणारा एखादा तटस्थ पाहुणा तिला लाभला असता तर बरे झाले असते.

सॉल्ट लेकला तसा पाहुणा लाभला. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली १८५९ च्या जुलैत तेथे गेले. १३ जुलै रोजी त्यांनी ब्रिगम यंग यांस प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापली. वृत्तपत्रीय मुलाखतीचा हा अगदी आरंभीचा नमुना मानला जातो. ग्रीली रविवारच्या उपासनेसही जाऊन बसले. तेथील वक्ते पूर्वतयारीवाचून, लांबण लावून बोलतात, ही त्यांची तक्रार खरीच असावी. परंतु त्यांचे अधिक मोलाचे निरीक्षण उपासनामंदिराबाहेरचे आहे. कोणत्याही मॉर्मन गृहस्थाने बोलताना आपल्या पत्नीचे वा कोणा स्त्रीचे मत सांगितले नाही. रस्त्यावरील पाटी किंवा पत्रातील जाहिरात यांतून एखादी स्त्री काही व्यवसाय करू पाहते असे आढळले नाही. इतकेच नव्हे तर एकाही मॉर्मन स्त्रीशी आपली ओळख करून देण्यात आली नाही, असे त्यांनी नमूद केले. जे समोर नाही त्याची नोंद घेणारा डोळा वार्ताहरांत विरळाच.

दुसऱ्या वर्षी रिचर्ड बर्टन तेथे पोहोचले. हे मुंबईच्या फौजेतील अधिकारी, मराठीचेही जाणकार. १८५३ साली वेष पालटून मक्केची यात्रा केल्यामुळे त्यांचे नाव गाजले होते. येथे मात्र ते उजळ माथ्याने गेले, झाडांच्या फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात इतरांबरोबर बसले आणि ऐकलेले बरेचसे निर्विकारपणे लिहून ठेवले. उलट १८८९ मध्ये अलाहाबादच्या 'पायोनियर'साठी प्रवासपत्रे लिहिणारे किपलिंग त्याच शहरातून गेले, त्यांच्या लेखणीला थट्टाच अधिक सुचली. वाचकांनाही बहुधा तीच हवी होती. १८९० मध्ये पंथाने बहुपत्नीकत्व सोडल्याचे जाहीर केले, तरी पाहुण्यांचे कुतूहल पुष्कळ वर्षे त्याच एका गोष्टीभोवती घुटमळत राहिले.

त्या कुतूहलाने रविवारच्या उपासनेस जाणाऱ्याची निराशाच होते. तिचे दार कोणासही उघडे असते. वेतन घेणारा धर्मोपदेशक नाही. बिशप म्हणून बसलेला गृहस्थ आठवडाभर आपला व्यवसाय करणारा असतो. सभासदांपैकीच स्त्रीपुरुष पाळीपाळीने भाषणे करतात. ग्रीलींना जो विस्कळीतपणा खटकला त्याचे मूळ या व्यवस्थेतही सापडेल. प्रभुभोजनात द्राक्षारसाऐवजी पाणी असते. भाकरीचे तुकडे व पाण्याचे लहान पेले तबकांतून रांगांमधून फिरतात. पाहुण्याने काही न घेता तबक पुढे दिले तरी कोणी वावगे मानीत नाही. वर्गणीची थाळी फिरत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सामान्यतः नेमलेली भाषणे नसतात; ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो.

इतके उघडे असूनही मोठी गोष्ट नजरेआड राहू शकते. या पंथाने जून १९७८ पर्यंत दीर्घकाळ कृष्णवर्णी पुरुषांना याजकपद नाकारले होते, व कृष्णवर्णी स्त्रीपुरुषांना मंदिरांतील मुख्य विधींपासून दूर ठेवले होते. रविवारी शेजारच्या बाकावर बसून तेच गीत गाणाऱ्या माणसाला ही बंदी आहे, हे केवळ पाहून पाहुण्यास कसे कळावे? त्यासाठी विचारावे लागते, आणि नियम वाचावे लागतात.

मंदिर ही त्यांच्यात उपासनागृहाहून वेगळी वास्तू. प्रतिष्ठापना झाल्यावर तेथे परक्यांना प्रवेश नाही, सभासदांनाही परवाना लागतो. आपल्याकडील अग्यारीची आठवण व्हावी असा हा प्रकार. प्रतिष्ठापनेपूर्वी मात्र लोकांना व वार्ताहरांना आत फिरवून आणण्याची पद्धत आहे. १९११ साली कोणी सॉल्ट लेकच्या मंदिराची अंतर्भागातील छायाचित्रे चोरून घेतली व ती परत देण्यासाठी एक लक्ष डॉलर मागितले. पंथाच्या धुरीणांनी पैसे दिले नाहीत. स्वतःच आतील छायाचित्रे घेवविली आणि जेम्स टॅल्मेज यांच्या १९१२ मधील ग्रंथात छापली. चोराच्या मालाची किंमतच उरली नाही. विधी मात्र पूर्वीइतकेच गुप्त राहिले.

बंगळूर येथे अशा एका मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली व २०२० च्या डिसेंबरात कामास आरंभ झाला. तोपर्यंत आपल्या देशातील अनेकांचा या पंथाशी आलेला संबंध कानांपुरताच होता. सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमधील गायकवृंदाचा साप्ताहिक कार्यक्रम १५ जुलै १९२९ पासून नभोवाणीवर चालत आला आहे. पहिल्या दिवशी ध्वनिक्षेपक एकच होता, आणि निवेदकाने शिडीवर उभे राहून गीतांची नावे सांगितली असे म्हणतात.