थंडी, ताप आणि बेचाळीस किलोमीटर

मुंबई मॅरेथॉन धावायची, तीही एका दवाखान्यासाठी पैसे जमवत. आणि ट्रेनिंग कुठे? तर थेट चंद्रपुरात! वाघ, धुरकं, ताप आणि दुखरी नडगी या सगळ्यांनी मिळून एका हिवाळ्याची कशी वाट लावली आणि शेवटी वाट कशी सापडली, त्याची ही गोष्ट...

पहाटेचे साडेपाच. रामाळा तलावाजवळच्या टपरीसमोर शेकोटी पेटलेली. कानटोप्या घातलेली चार माणसं हात शेकत बसलेली. त्यांच्यासमोरून मी धावत गेले. ट्रॅक पॅण्ट, हातमोजे, कानात गाणी, एकदम फुल फॉर्ममध्ये! शेकोटीतून आवाज आला, ''काऊन वो ताई, कोनी मांगं लागलं का?''

चंद्रपुरातलं माझं ट्रेनिंग सुरू झालं ते असं. पुण्यात टेकडीवर धावताना कुणी ढुंकूनही बघायचं नाही. इथे मात्र पहाटे धावणारी मुलगी दिसली की पहिली शंका कुत्र्याची आणि दुसरी वाघाची. गंमत म्हणजे दोन्ही शंका रास्त!

मी बँकेत नोकरी करते. पुण्याहून बदली झाली तेव्हा मैत्रिणींनी 'बिच्चारी' असा चेहरा केला होता. मीच ठरवलं, रडत बसायचं नाही. दोन हाफ मॅरेथॉन खात्यावर जमा होत्याच. आता फुल मारायची. ४२.१९५ किलोमीटर. आणि धावायची तर मुंबईच. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीचा एक फंडा मला कायम आवडत आलाय. जानेवारीतल्या त्या रविवारी हजारो लोक नुसते धावत नाहीत, कुणासाठी तरी धावतात. आपण एक संस्था निवडायची, ओळखीच्यांना गाठायचं आणि 'मी धावतेय, तुम्ही तिला मदत करा' असं सांगायचं. मी निवडला जंगलातला एक छोटा दवाखाना. तिथल्या नवजात बाळांच्या खोलीसाठी एक लाख रुपये जमवायचे, असं ठरलं.

पहिला मेल ऑफिसात फिरवला. दुपारी डबा खाताना अकाउंट्सच्या काकांनी विचारलं, ''पळणार तू, मेडल घेणार तू. मग पैसे आम्ही का द्यायचे?''

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाघोबा आणि धुरकं

नोव्हेंबर मस्त गेला. आठवड्यात चार दिवस धावायचं आणि रविवारी लांब पल्ला. त्यासाठी मी मूल रोड निवडला होता. शहर संपलं की लोहारा आणि तिथून पुढे जंगल. थंड हवा, सागाची झाडं, ट्रॅफिक नाही. सॉलिड!

तिसऱ्या रविवारी वनरक्षकांनी थांबवलं. म्हणाले, ''ताई, अंधारात वाकून बसलेलं अन् एकटं पळनारं, दोनही वाघाले सावज वाटते. घरी जा.'' हा काही किस्सा नव्हे. ताडोबाचा वाघ ताडोबाच्या नकाशात राहत नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातही वाघ दिसलेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या पोटासाठी जंगलात जात होत्या, मी ॲपवरच्या आकड्यासाठी. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ''वाघ काय तुझं टाइमटेबल बघून येतो का गं?'' मूल रोड बंद.

मग शहरातच धावायचं ठरवलं. गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. त्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा गेट ते पठाणपुरा गेट, तिथून अंचलेश्वर... इतिहासाचा तास आणि व्यायाम एकदमच! पण डिसेंबर लागला तसा घसा खवखवायला लागला. चंद्रपूर म्हणजे कोळसा आणि वीज. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या गंभीर प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होतं. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. म्हणजे ज्या वेळेला आपण 'फ्रेश एअर' म्हणून बाहेर पडतो, नेमकी तीच वेळ वाईट. ऊन वर आलं की हवा जरा हलते. पण ऊन वर येतं तेव्हा आमची बँक उघडते ना!

शेवटी रविवारचा लांब पल्ला मैदानात, उन्हात, फेऱ्या मारत. २० किलोमीटर म्हणजे ५० फेऱ्या. तिसाव्या फेरीला माणूस स्वतःशी बोलायला लागतो, हा स्वानुभव आहे.

तापाचा डिसेंबर

डिसेंबरच्या मध्यावर ताप आला. गडचिरोलीचे दौरे झालेले असल्यामुळे डॉक्टरांनी आधी मलेरियाची तपासणी करायला लावली. या भागात थंडी वाजून ताप आला की तो पहिला प्रश्न. रिपोर्ट निगेटिव्ह. व्हायरल निघाला. पण दहा दिवस मी अंथरुणावर. माझ्या तक्त्यातले २६ आणि २९ किलोमीटरचे दोन्ही रविवार उशीवर गेले.

आणि मग मी ती चूक केली, जी सगळे करतात. बुडालेलं भरून काढायला गेले. आठवड्याचं अंतर थोडंथोडं वाढवायचं, साधारण दहा टक्क्यांच्या आत, हे मला पाठ होतं. मी एका आठवड्यात जवळपास दुप्पट केलं. सहाव्या दिवशी उजव्या नडगीत अशी कळ गेली की मैदानातच बसले.

नागपूरच्या फिजिओथेरपिस्टने पाय दाबून बघितला आणि म्हणाली, ''हाड मोडलेलं नाही, पण हट्ट केलास तर तेही होईल. दोन आठवडे धावणं बंद. दुखणार नाही इतकं चाल.''

चाल?! शर्यतीला महिनाही उरला नव्हता. चालणं म्हणजे हरणं, असं माझं साधं गणित. त्या रात्री मोबाइलवर मेसेज टाइप केला, 'सॉरी, मी शर्यतीतून बाहेर पडतेय.' तोपर्यंत ३८ जणांनी मिळून ६२ हजार रुपये दिले होते. मेसेज पाठवायला अंगठा उचलेना. उद्या बघू म्हटलं. उद्या धानोऱ्याला कॅम्प होता.

धानोऱ्याची वाट

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा तीनचतुर्थांश भाग जंगलच. धानोरा तालुका तर पार छत्तीसगडच्या सीमेला भिडलेला. खाती उघडण्याचा कॅम्प दुपारी आटोपला. गाडी यायला वेळ होता. कागद घेऊन आलेली गावची आशाताई निघता निघता म्हणाली, ''सातव्या दिवसाची भेट आहे एका बाळाची. येता का? हे इथंच आहे, दोन किलोमीटर.''

खेड्यातले दोन किलोमीटर! माझ्या घड्याळात साडेचार भरले. पायवाट, मध्ये नाला. ताई साध्या चपलेत, खांद्याला पिशवी. पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा आणि एक छोटं ब्लँकेट. वेग एकसारखा. धापा टाकणं नाही, थांबणं नाही. सहा हजारांचे बूट घालून मी लंगडत मागे.

मी अंगणातच थांबले. आतून ताईचा आवाज येत होता. माझ्याशी मराठीत बोलणारी ताई आता बाळाच्या आईशी गोंडीत बोलत होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, नेमकं काय बघता? ती म्हणाली, ''थंडीत बाळाचं अंग गार पडलं तं ते रडत बी नाही, दूध बी ओढत नाही. गप पडून राह्यते. घरच्यायले वाटते, झोपलं. म्हनून जाऊनच पाहा लागते.''

नवजात बाळाच्या अंगावर चरबी कमी, वजनाच्या मानाने त्वचा जास्त. म्हणून ते आपल्यापेक्षा फार लवकर गार पडतं, आणि वजन कमी असेल तर आणखीच लवकर. ज्या थंडीला मी 'रनिंग वेदर' म्हणत होते, तिचा इथे हा अर्थ होता.

आणि बाळ घरी जाऊन बघण्याची ही पद्धत याच जिल्ह्यातली, बरं का! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. गावातल्याच बायकांना त्यांनी शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, ऊब द्यायची आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध सुरू करायचं. ३९ गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला आणि जगभर गाजला. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ बघू लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. जन्म घरीच झाला असेल तर पहिला दिवसही. या सगळ्या भेटींचं मिळून मानधन तेव्हा ठरलं होतं २५० रुपये.

बेचाळिसावा दिवस! माझ्या डोक्यात महिनाभर बेचाळीस हा एकच आकडा होता. पण किलोमीटरचा.

परत येताना विचारलं, ''ताई, रोज एवढं चालायचं म्हणजे...'' ती म्हणाली, ''गाडी भेटली तं गाडीनं, नाही तं पायानं. पोचलं म्हंजे झालं.''

चाल, मग धाव

तो टाइप केलेला मेसेज रात्री पुसला आणि दुसरा लिहिला. सरळच. 'मी आजारी पडले, पाय दुखावला. पूर्ण अंतर धावू शकणार नाही. डॉक्टर हो म्हणाले तर थोडं धावत, थोडं चालत पूर्ण करीन. नाही म्हणाले तर सुरुवातच करणार नाही. दवाखान्याला पैसे लागणारच आहेत, मी धावले काय, न धावले काय. तरी कुणाला वाटत असेल की आपण शब्द दिला तो पूर्ण धावण्यासाठी, तर सांगा. तुमची रक्कम मी माझ्या खिशातून परत करीन.' सोबत सातव्या दिवसाच्या भेटीबद्दल चार ओळी. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही.

पैसे कुणीही परत मागितले नाहीत. आणि आमचे अकाउंट्सचे काका? सकाळी टेबलापाशी येऊन म्हणाले, ''चालत जाणार म्हणजे वेळ जास्त लागणार. ओव्हरटाइम धर,'' आणि दोन हजार ठेवले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच काढलं होतं. पैसे माझ्या पळण्याचे नव्हतेच कधी. माझं पळणं म्हणजे फक्त दारावरची टकटक.

दोन आठवडे नुसती चालले. मग चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. ही पद्धत म्हणजे रडीचा डाव नाही, बरं! १९७२ चं ऑलिम्पिक धावलेल्या अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांनीच ती जगभर लोकप्रिय केली. दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधी चालायचं. फिजिओने शेवटची तपासणी करून मान डोलावली, पण अट घातली, ''कळ आली की तिथेच थांबायचं. फोटोसाठी पुढे जायचं नाही.''

मुंबई

चंद्रपुरात स्वेटर घालून निघाले आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्या उतरल्या घामाघूम. कोरड्या थंडीत सराव आणि दमट हवेत शर्यत, हा वैदर्भी धावपटूंचा जुना लोचा! पहिल्या किलोमीटरपासून चार-एक, चार-एक. मला मागे टाकून जाणारे बघून आधी जीव जळत होता. नंतर त्यातले काही रस्त्याकडेला पाय चोळत बसलेले दिसले. त्यांच्याकडे बघून आनंद झाला नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिथे बसले होते.

पेडर रोडचा चढ आला, जिथे भलेभले गळतात. मी तो पूर्ण चालले. एका आजींनी संत्र्याची फोड हातात ठेवली. मला आठवत होती ती चपलांची एकसारखी चाल. सहा तास आणि वर काही मिनिटं. टायमिंग विचाराल तर फेकून देण्यासारखं! दवाखान्याचे मात्र एक लाख, आठ हजार झाले.

चंद्रपूरला परतल्यावर चौथ्या दिवशी पहाटे तलावाकडे गेले. धावत नाही, चालत. शेकोटी होतीच. तोच आवाज. ''काऊन वो ताई, आज पळनं नाही?''

''नाही भाऊ. मुंबईची झाली.''

''पोचल्या ना पन?''

''पोचले.''

''मंग बसा, चहा घ्या.''

चौकट : हिवाळ्यात लांब पल्ल्याची तयारी करताय?

• नुसती सर्दी असेल तर हलका सराव चालतो. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर सक्तीची सुट्टी.

• बुडालेले किलोमीटर विसरा. जिथे थांबलात त्याच्याही थोडं मागून सुरुवात करा.

• धुरकं असेल तर पहाटेचा हट्ट सोडा. ऊन वर आल्यावर किंवा घरात व्यायाम करा.

• जंगलालगत राहत असाल तर अंधारात आणि एकट्याने धावू नका. वन खात्याची सूचना म्हणजे सल्ला नव्हे, हुकूम समजा.

• गार गावातून दमट शहरात धावायला जाणार असाल तर शेवटचे दहा-बारा दिवस थोडा सराव दुपारच्या उन्हात करा. शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

• कुणासाठी पैसे जमवत असाल तर अडचण आली की लगेच सांगा. लोक टायमिंगला पैसे देत नाहीत.