कॅबिनेटची परीक्षा

मुलांनो, संगणकाच्या त्या उभ्या खोक्याला तुम्ही काय म्हणता? ‘सीपीयू’, हो ना? खरा सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीच्या तोंडाएवढा चपटा चौकोन! खोकं हे नुसतं त्याचं घर. दुकानात त्याला ‘कॅबिनेट’ म्हणतात.

आमच्या शाळेत पालकांच्या वर्गणीतून संगणक जोडून घ्यायचं ठरलं. वेगळी खोली नाही, म्हणून तो पहिली-दुसरीच्या वर्गातच ठेवायचा होता. त्या वर्गात एक मुलगी इतकं हळू वाचते, की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. शेजारी यंत्र घरघरत बसलं, तर तिचं वाचन ऐकायचं कसं? म्हणून अट घातली : कॅबिनेट कमी आवाजाचं हवं आणि तीन हजारांच्या आत हवं.

एक पालक म्हणाले, “बाई, चारी बाजूंनी बंद असलेलं घ्या, म्हणजे आवाज बाहेरच येणार नाही.” पटतं की नाही? पण गंमत पुढेच आहे. आतले भाग तापतात. गरम हवा बाहेर पडली नाही, की पंखे जिवाच्या आकांताने फिरू लागतात आणि तीच घरघर वाढते. अंगावर गोधडी घेऊन पळण्यासारखंच झालं हे!

आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगाचा असतो. वेग निम्मा केला, तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरला तरी कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे धावणाऱ्या एका पंख्यापेक्षा रमतगमत फिरणारे दोन बरे!

आणि पंखा मोठा हवा. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि पंख्याची चौकट मोजा. ८ सेंटीमीटर की १२? आता गणित करा. ८ गुणिले ८ म्हणजे ६४, १२ गुणिले १२ म्हणजे १४४. दुपटीहून जास्त! मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो.

दुकानात तीन कॅबिनेट पाहिली. पहिल्याला पुढे काच आणि रंगीबेरंगी दिवे. मुलं त्याच्यावरच लट्टू झाली! पण हवा आत शिरायला कडेला बोटभर फट. दिव्यांनी काही थंडावा मिळत नाही, बरं का. दुसऱ्याला आतून स्पंज लावलेला होता, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर. तिसरं अगदी साधं, काळं. पुढे जाळी, १२ सेंटीमीटरचे दोन पंखे, जाळीमागे धुळीची गाळणी आणि ती हाताने निघणारी. बाजूच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली. पातळ पत्रा ‘टण्ण’ वाजतो, आणि असा पत्रा पंख्याबरोबर थरथरतोही. हा ‘ठक्’ वाजला. तेच घेतलं.

जाळीतून थोडा आवाज बाहेर येतोच, ते खरं. पण पंखे हळू फिरत असले की तो वर्गाच्या गलक्यात हरवून जातो. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठरवता येतो. जोडणाऱ्याला ते करून द्यायला सांगा, त्याला खर्च नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ एसएमपीएस मिळतो. साऱ्या संगणकाला वीज तोच पुरवतो, म्हणून तिथे काटकसर नको. तो चांगल्या कंपनीचा, वेगळा घ्यावा. पैसे वाचवायचेच, तर दिव्यांवर वाचवा.

घरी आणल्यावर कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आजीने हौसेने शिवलेलं कापड संगणक बंद असतानाच घाला. गाळणी महिन्यातून एकदा धुवा आणि पुरती वाळल्यावरच परत बसवा. आमच्याकडे हे काम चौथीच्या मुलांकडे आहे आणि त्यासाठी भांडणं होतात!