७७७ चा उतारा इथे चालत नाही

“भाऊ, ७७७ देल्लं, तरी फाइल सेव्ह होऊन नाही राह्यली.”

नांदगाव खंडेश्वरात तहसील कार्यालयाच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं आहेत. त्यांतून हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येतं. त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, तो जुन्या मशीनमध्ये नसतो. चालू असलेलं मशीन भंगारात कोण घालणार? मग कुणी लिनक्स मिंट टाकलं, कुणी उबुंटू. पण टॅली, श्रीलिपी, स्कॅनर आणि अंगठ्याच्या यंत्रासाठी एक विंडोज मशीन दुकानात राहिलंच. त्यावरचं फोल्डर शेअर करायचं आणि बाकीच्या मशीनवरून उघडायचं, अशी सोय झाली. फोल्डर उघडतं, फाइल दिसते, पण सेव्ह करायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. लगेच कुणीतरी जाणकार सल्ला देतो: सीएचमॉड ७७७ मार, सगळ्यांना सगळे हक्क मिळतील.

गैरसमज: सीएचमॉड ७७७ दिलं की परवानगीचा प्रश्न सुटतो

सुटत नाही. विंडोजच्या शेअरवर तर मुळीच नाही.

सीएचमॉड ही आज्ञा लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर काम करते. तिथे प्रत्येक फाइलसोबत मालक, गट आणि वाचणं-लिहिणं-चालवणं यांचे हक्क नोंदलेले असतात. विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस ही फाइल-पद्धत असते. तिच्या हक्कांच्या याद्या वेगळ्या असतात आणि त्या विंडोजच्या खात्यांशी बांधलेल्या असतात. लिनक्सवर तुम्ही ते फोल्डर माउंट करता, म्हणजे आपल्या मशीनला जोडून घेता, तेव्हा दिसणारा मालक आणि दिसणारे हक्क हे बहुधा लिनक्सने आपल्या सोयीसाठी मांडलेलं चित्र असतं. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने आपलं नाव लिहिलं म्हणून तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होत नाही, तसंच हे आहे.

ज्याला शंका असेल त्याने विंडोजचा शेअर माउंट करणाऱ्या माउंट-सीआयएफएस आज्ञेचं मॅन्युअल पान उघडावं, ते सीआयएफएस-युटिल्स पॅकेजसोबत मोफत मिळतं. मूळ सीआयएफएस प्रोटोकॉलमध्ये लिनक्सच्या पद्धतीची मालकी आणि हक्क येतच नाहीत, असं तिथे लिहिलं आहे. त्यामुळे सीएचमॉड किंवा मालक बदलणारं सीएचओन चालवलं तर ‘झालं’ असं उत्तर येईल आणि प्रत्यक्षात काहीही बदलणार नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. माणूस फसतो तो या उत्तराला. आज्ञा चूक सांगत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत, म्हणून तो समजतो की ७७७ लागलं आणि आता दुसरंच काहीतरी बिघडलंय. मग विंडोजचा फायरवॉल बंद होतो, अँटिव्हायरस निघतो, राउटर रीसेट होतो. मूळ दुखणं जागच्या जागी.

यात एक बारीक अपवाद आहे. फाइलवरचे लिहिण्याचे सगळे हक्क काढले, तर विंडोजकडे तिचा ‘रीड-ओन्ली’ गुणधर्म लागू शकतो. म्हणजे सीएचमॉडने बंद करता येतं ते एवढंच, आणि तो गुणधर्म काढताही येतो. त्यापलीकडे उघडण्याच्या कामी ते येत नाही.

दुसरी फसवणूक आणखी गमतीची आहे. काही जण माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरला ७७७ देतात. तपासतात, तर ७७७ दिसतं. मग शेअर माउंट करतात आणि पुन्हा बघतात, तर ७५५ आणि मालक रूट, म्हणजे लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता! “आपोआप बदललं” म्हणून ओरड होते. बदललेलं काहीच नसतं. माउंट झाल्यावर ते रिकामं फोल्डर खाली झाकलं जातं आणि वर दिसतं ते माउंट केलेल्या शेअरचं. शेअर काढला की तुमचं ७७७ तिथेच सापडेल, बिनकामाचं.

मग हा सल्ला इतका पसरला कसा? कारण तो दुसऱ्या जागी खरा आहे. स्वतःच्या डिस्कवर तो लागू पडतो. समोर विंडोज नसून लिनक्सचा सांबा सर्व्हर असेल आणि त्यावर पॉसिक्स विस्तार चालू असतील, तर नेटवर्कवरूनही सीएचमॉड लागू पडतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, जरूर ऐका. पण तिथे शिकलेला फाइलच्या हक्कांचा धडा लिनक्सच्या डिस्कचा आहे. शेजारच्या विंडोज मशीनवर तो चालवायचा नाही.

वस्तुस्थिती: नकार तीन ठिकाणांहून येऊ शकतो

पहिलं ठिकाण लिनक्सचं. शेअर एफएसटॅबमधून (माउंटच्या नोंदींच्या फाइलमधून) किंवा सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, माउंट झाला आणि मालक सांगितला नाही, तर तो रूटच्या नावावर लागतो आणि हक्क बहुधा ७५५ दिसतात. म्हणजे रूटला सगळं मोकळं, बाकीच्यांना फक्त वाचन. तुम्ही रूट नसता, म्हणून लिनक्स तुम्हाला दारातच थांबवतं. तुमची विनंती विंडोजपर्यंत पोचतसुद्धा नाही.

दुसरं ठिकाण विंडोजचा शेअरिंग टॅब. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केलं की मुळात ‘एव्हरीवन’ला फक्त ‘रीड’ मिळतं. तिथे ‘चेंज’वर टिक करायला माणूस विसरतो.

तिसरं ठिकाण सिक्युरिटी टॅब, म्हणजे एनटीएफएसचे हक्क. शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्हींत जे अधिक कडक असेल, नेटवर्कवरून तेच लागू होतं. एकीकडे ‘फुल कंट्रोल’ आणि दुसरीकडे ‘रीड’ असेल, तर हाती ‘रीड’ येतं.

तिन्ही ठिकाणच्या दुखण्याचं लक्षण एकच: वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणून औषध देण्याआधी एक परीक्षा करा. माउंट केलेल्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याने ‘टच’ आज्ञेने रिकामी फाइल बनवून बघा, आणि मग तीच आज्ञा सुडो लावून. सुडोने फाइल बनली आणि साध्या वापरकर्त्याने नाही बनली, तर अडवणारं लिनक्स आहे. विंडोजला हात लावू नका. सुडोनेही बनली नाही, तर नकार विंडोजचा आहे, आणि लिनक्सवर रात्रभर बसलात तरी तो हटणार नाही. मोजून दोन आज्ञा. पण हे कुणी करत नाही, कारण ७७७ टाइप करायला सोपं.

मग करायचं काय?

लिनक्स अडवत असेल, तर हक्क माउंट करतानाच सांगायचे असतात. ‘आयडी’ ही आज्ञा दिली की तुमचा क्रमांक कळतो. उबुंटू-मिंटवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो. माउंटच्या पर्यायांत यूआयडी आणि जीआयडी म्हणून तो द्या. फाइल-मोड ०६६४ आणि डिर-मोड ०७७५ दिलं की दुकानातल्या कामाला पुरतं. मग शेअर काढा आणि पुन्हा माउंट करा. चालू माउंटवर नवे पर्याय आपोआप चढत नाहीत.

विंडोज अडवत असेल, तर शेअरसाठी वेगळं, साधं, पासवर्ड असलेलं स्थानिक खातं तयार करा. शेअरिंग टॅबमध्ये त्या खात्याला ‘चेंज’ आणि सिक्युरिटी टॅबमध्ये ‘मॉडिफाय’ द्या. दोन्हीकडे द्यायचं, एकीकडे देऊन भागत नाही. लिनक्सवर कोण बसलंय हे विंडोजला दिसत नाही. माउंट करताना ज्या खात्याचं नाव दिलं, तेवढंच त्याला दिसतं.

त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड एका वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये ठेवा. ती फाइल रूटच्या मालकीची आणि ६०० हक्कांची असू द्या. सीएचमॉडचा इथला वापर मात्र अगदी योग्य आहे. एफएसटॅब मशीनवरच्या कुणालाही वाचता येते, म्हणून पासवर्ड तिच्यात लिहू नये. शिवाय पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल, तर पर्यायांच्या ओळीत तो तिथेच तुटतो. क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये तुटत नाही.

गैरसमज: चालत नसेल तर व्हर्जन १.० टाका

हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. विंडोजचं शेअरिंग ज्या एसएमबी प्रोटोकॉलवर चालतं, त्याची ही पहिली आवृत्ती जुनी आणि असुरक्षित आहे. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तिचा सर्व्हर भाग मुळात दिलाच जात नाही. लिनक्स कर्नेलनेही ४.१३ पासून, त्याच वर्षी, या आवृत्तीला मूळ पसंतीतून काढलं. त्या वर्षी काय घडलं ते आठवा. मे महिन्यात वॉनाक्रायचा सायबर हल्ला झाला. २७ जूनला नॉटपेट्या आला, आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. या दोन्हींनी पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं एकच भोक होतं. मायक्रोसॉफ्टने ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. एका स्कॅन केलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हा दरवाजा पुन्हा उघडायची गरज नाही. ‘होस्ट इज डाउन’, म्हणजे चूक ११२, आली तर विंडोजचं अपडेट आणि नेटवर्कचं प्रोफाइल तपासा. ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.

बाकीचे किरकोळ गैरसमज

चूक १३ म्हणजे फोल्डरच्या हक्कांचा प्रश्न: नेहमीच नाही, चुकीच्या पासवर्डलाही हीच चूक येते. कर्नेलचा लॉग बघा. ‘लॉगऑन फेल्युअर’ असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असेल तर हक्क.

विंडोज उघडायचा पिन हाच पासवर्ड: पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही.

पासवर्डच काढून टाकला की कटकट नाही: रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज मूळ धोरणानुसार नेटवर्कवरून आत घेत नाही.

गेस्ट म्हणून बिनपासवर्डचा प्रवेश सगळ्यात सोपा: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं आहे आणि गेस्टला ते जमत नाही. सोपा मार्ग तिथेच संपतो.

फाइल मॅनेजरमध्ये उघडलं म्हणजे माउंट नीट झालं: फाइल मॅनेजर स्वतःच्या वेगळ्या मार्गाने, तुमच्या नावाने शेअर उघडतो. एफएसटॅबची ओळ चुकीची असली तरी तिकडे सगळं छान दिसेल.

‘हेल्पर प्रोग्राम’ हवा असं म्हणतंय म्हणजे परवानगी नाही: सीआयएफएस-युटिल्स हे पॅकेज टाकलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘गणेश ७/१२’ नावाने सेव्ह होत नाही म्हणजे हक्क नाहीत: तिरकी रेघ फाइलच्या नावात ना लिनक्सला चालते, ना विंडोजला. ‘७-१२’ लिहा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात म्हणजे फाइल खराब झाली: फाइल शाबूत असते, माउंटच्या पर्यायांत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ द्या.

‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ने काम तर होतं ना?

होतं. सगळी खटपट फसल्यावर बहुतेक दुकानं याच मुक्कामाला येतात, आणि ७७७ च्या मागेही हीच इच्छा असते: सगळ्यांना सगळं उघडं करा. मग पीकविम्याच्या घाईत कुणीतरी चुकीचं फोल्डर डिलीट करतं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. कुणी पुसली, हेही कळत नाही, कारण तीन मशीनवरची तीन माणसं विंडोजला एकाच नावाने दिसत होती. म्हणून प्रत्येक लिनक्स मशीनला विंडोजवर वेगळं खातं द्या. ज्याला फक्त प्रिंट काढायची आहे, त्याच्या खात्याला ‘रीड’च ठेवा, आणि लिहिण्याचा हक्क लागतो त्यालाच ‘मॉडिफाय’. एका मशीनवर पाळीपाळीने अनेक जण बसत असतील, तर माउंटला ‘मल्टियूझर’ हा पर्याय आहे, त्यात ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा लागतो. हे सगळं बसवायला एक दुपार जाते. शे-दोनशे शेतकऱ्यांची कागदपत्रं पुन्हा गोळा करायला किती दिवस जातील, ते दुकानदारानेच ठरवावं.