पोर्ट रुंद केला म्हणून हवा वाढत नाही

जुन्या मोटारसायकलचे इंजिन खोलले की हौशी मालकाची एक मागणी ठरलेली असते : हेडमधला इनटेक पोर्ट घासून मोठा करा, आरशासारखा चकचकीत करा. हवा जास्त तर ताकद जास्त, असा साधा हिशेब. जाणता मिस्त्री मात्र हात आखडता घेतो. कार्बोरेटरकडून आलेली हवा या वाटेने व्हॉल्व्हपर्यंत जाते. वाट गरजेपेक्षा रुंद झाली की इंजिन हळू फिरत असताना हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि चढावर गाडी दम टाकते. खरी अडचण बहुधा व्हॉल्व्हजवळच्या वळणात असते. ते फार तीव्र असेल तर झोत भिंत सोडतो आणि भोवरे उठतात. चकाकीचाही उपयोग थोडाच. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे ओघळ धरतात, म्हणून कार्बोरेटरच्या इंजिनात मिस्त्री ती किंचित खरबरीत ठेवतात.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत हीच मागणी वेगळ्या शब्दांत येते : ‘डॉक्टर, नाकातलं मांस वाढलंय, सगळं काढून टाका.’

ते ‘मांस’ म्हणजे बहुतेकदा नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या पाळ्या. त्या प्रत्येकाला असतात. आत येणारी हवा त्यांना घासत जाते, म्हणून घशाशी पोहोचेपर्यंत ती ऊबदार आणि ओलसर होते. शिवाय हवा आत येते आहे हे मेंदूला कळते, ते अस्तराला लागणाऱ्या गारव्यावरून. पाळ्या मुळासकट कापल्या तर वाट मोकळी दिसते, पण काही रुग्णांना त्यानंतर उलट कोंडल्यासारखे होते. नाक मोकळे असल्याचे सांगितले तरी त्यांचा जीव घाबरा होतो आणि हा त्रास वर्षानुवर्षे राहू शकतो. बामाचे नेमके उलट. मेन्थॉलमुळे गारवा वाटतो, वाट मात्र तसूभरही रुंद झालेली नसते.

म्हणून पाळी कमी करावीच लागली, तर शल्यचिकित्सक अस्तर राखून थोडीच कमी करतात. त्याआधी अ‍ॅलर्जीवर उपचार होतात. नाक मोकळे करणारे थेंब आठवडाभराहून जास्त वापरले, तर त्यांनीच सूज येते. दर काही तासांनी एक नाकपुडी जड आणि दुसरी हलकी होणे नैसर्गिक आहे. एकच बाजू कायम बंद राहत असेल किंवा तिथून रक्त येत असेल, तर मात्र लगेच तपासून घ्यावे.