अंगणातलं शेवाळ काढताय? मग ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका!

जुलै-ऑगस्ट आला की कोकणातल्या अंगणात, पुण्या-मुंबईच्या बंगल्यांच्या मागच्या दारी, सोसायटीच्या जिन्यापाशी हिरवा, बुळबुळीत थर दिसू लागतो. घरातली वयस्कर माणसं तिथेच घसरतात आणि खुब्याचं हाड मोडलं तर महिनोन् महिने अंथरुणात जातात. म्हणून शेवाळ काढायला हवंच. पण ते काढायच्या नादात आपण जे करतो, ते कधीकधी शेवाळापेक्षा धोकादायक असतं.

शेवाळ का धरतं?

ओल, सावली आणि थोडी माती, एवढं त्याला पुरतं. चिरा, कोबा, पेव्हर ब्लॉक यांना बारीक छिद्रं असतात. त्यात पाणी मुरून राहतं आणि शेवाळाला घर मिळतं.

सगळ्यात मोठी चूक

"ब्लीचिंग पावडरने निघत नाही, मग वरून थोडं अ‍ॅसिड टाकू" असं अनेकजण करतात. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्या थेट नाकात जातो. बरेचसे टॉयलेट क्लीनरही अ‍ॅसिडच असतात आणि व्हिनेगरही, त्यामुळे तेही ब्लीचमध्ये नकोत. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही विषारी वायू तयार होतो. चुकून असं झालंच, तर पाणी ओतत बसू नका. आधी तिथून लांब, मोकळ्या हवेत जा. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

शहाबादी फरशीवर तर नुसतं अ‍ॅसिडही नको. हा चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिडने तो फसफसतो, वरचा गुळगुळीत थर झिजतो आणि खडबडीत झालेल्या फरशीवर पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट बसतं.

मग सुरक्षित पद्धत कोणती?

१. पावसाने उघडीप दिली की पालापाचोळा आणि माती झाडून घ्या.

२. गरम पाणी ओतून खराट्याने किंवा कडक ब्रशने घासा. बरंचसं शेवाळ इथेच निघतं.

३. डाग चिवट असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून लावा, १५-२० मिनिटांनी घासून धुवा. हातमोजे घाला.

४. तरीही राहिलं तरच ब्लीच. घरगुती लिक्विड ब्लीच १ भाग आणि साधं, गार पाणी १० भाग. १०-१५ मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. गरम पाणी यात नको. हातमोजे, चष्मा आणि बूट हवेतच.

ब्लीच वापरण्याआधी कडेच्या झाडांना भरपूर पाणी घाला आणि नंतर पानंही धुऊन काढा. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा माशांच्या टाकीकडे जाऊ देऊ नका. फरशी वाळेपर्यंत मुलं आणि कुत्रा-मांजर घरातच ठेवा.

प्रेशर वॉशर वापरायचा असेल तर जोर कमी ठेवा, नाहीतर पेव्हर ब्लॉकच्या फटींतली रेती उडून जाते.

पुन्हा येऊ नये म्हणून

पाणी साचतं तिथे उतार काढा, वरच्या फांद्या छाटून ऊन येऊ द्या, कुंड्या अधूनमधून हलवा. कोकणात जायच्या-यायच्या वाटेवर नारळ-पोफळीची झापं टाकतात. पाय घसरू नये यासाठी हा उपाय आजही तितकाच कामाचा आहे.

घरात आजी-आजोबा असतील, तर पुढची सर येण्याआधी खराटा हातात घ्या. आणि साफसफाईला मदतनीस येत असतील, तर ब्लीच-अ‍ॅसिडची ही गोष्ट त्यांनाही नक्की सांगा.