टर्मिनलच्या स्थितीपट्टीवर न वाचलेल्या ई-मेलची संख्या : गणना व विश्वासार्हता

प्रस्तावना : टर्मिनलवर काम करणाऱ्यास नव्या टपालाची वर्दी मिळावी, ही गरज जुनी आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत १९८० मध्ये ‘बिफ’ ही आज्ञा आली. एका कुत्र्याच्या नावावरून तिचे नामकरण झाले. ई-मेल आल्याची सूचना ती देत असे. न वाचलेले किती शिल्लक आहेत, हे मात्र सांगत नसे. आज टीमक्ससारख्या प्रोग्रॅमच्या स्थितीपट्टीवर हा आकडा सतत दाखविता येतो. तो कसा मोजावा व त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गणनेची पद्धत : डॅनियल बर्नस्टाईन यांनी रचलेल्या ‘मेलडिर’ मांडणीत प्रत्येक ई-मेल ही स्वतंत्र फाईल असते. नवा ई-मेल ‘न्यू’ या फोल्डरमध्ये येतो. वाचनाच्या प्रोग्रॅमने पेटी उघडली की तो ‘कर्’ या फोल्डरमध्ये हलविला जातो. प्रत्यक्ष वाचल्यानंतर फाईलच्या नावाअखेरच्या खुणांत ‘एस’ हे अक्षर जोडले जाते. त्यामुळे केवळ ‘न्यू’मधील फाईली मोजल्यास आकडा कमी भरतो. उदाहरणार्थ, ‘न्यू’मध्ये ३ व ‘कर्’मध्ये ‘एस’ खूण नसलेल्या ९ फाईली असल्यास खरी संख्या १२ होय. यासाठी एकही ई-मेल उघडावा लागत नाही. फाईलींची नावे पुरतात. पेटी दूरच्या सर्व्हरवर असल्यास आयमॅपमधील ‘स्टेटस’ या आज्ञेने हीच संख्या मागविता येते.

विश्वासार्हता : टीमक्सची पट्टी मूळ मांडणीनुसार दर १५ सेकंदांनी ताजी होते. प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारल्यास दिवसाला ५,७६० विनंत्या होतील. म्हणून स्वतंत्र प्रोग्रॅमने काही मिनिटांनी संख्या मिळवून ती एका फाईलीत लिहावी व पट्टीने केवळ ती फाईल वाचावी, हे इष्ट. तथापि यातून दुसरा धोका संभवतो. जोडणी तुटली तरी जुना आकडा पट्टीवर तसाच राहतो. फोल्डरचा मार्ग चुकला तर शून्य दिसते. ‘टपाल नाही’ आणि ‘टपाल पाहता आले नाही’ या दोन भिन्न अवस्था एकाच शून्यात मिसळतात आणि महत्त्वाच्या पत्राची वाट पाहणारा निर्धास्त राहतो.

समारोप : यास्तव गणना अयशस्वी झाल्यास शून्याऐवजी प्रश्नचिन्ह दाखवावे, तसेच संख्येची फाईल ठरावीक मुदतीपेक्षा जुनी असल्यास आकडा झाकावा. चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसणे वापरकर्त्याच्या अधिक हिताचे होय.