संपूर्ण शाळेचा सामाईक अभ्यासक्रम : नियोजनाचा प्रश्न

अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तीन शब्द उत्तरपत्रिकांत सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. शिक्षणाची उद्दिष्टे, अनुभव व मूल्यमापन यांचा समग्र आराखडा म्हणजे अभ्यासक्रम. एखाद्या इयत्तेत एखाद्या विषयाचा कोणता आशय शिकवावयाचा याची मांडणी म्हणजे पाठ्यक्रम. पाठ्यपुस्तक हे त्याचे केवळ एक साधन. प्रत्यक्षात मात्र शाळेचे नियोजन बहुधा पाठ्यपुस्तकापासून सुरू होते आणि तेथेच संपते.

परिणाम विद्यार्थ्याला भोगावा लागतो. एनसीईआरटीच्या २००६ साली आलेल्या सहावीच्या पुस्तकांत ‘नकाशे’ हे भूगोलाचे चौथे प्रकरण होते, तर ‘गुणोत्तर व प्रमाण’ हे गणिताचे बारावे. दोन्ही पुस्तके क्रमाने शिकविली, तर नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील किती अंतर, हे विद्यार्थ्याने गुणोत्तर शिकण्यापूर्वीच समजून घ्यावयाचे! २०२४ मध्ये सहावीची नवी पुस्तके आली. परंतु असे सांधे जुळविणे कोणत्याही पुस्तकाला पूर्णतः साधणारे नाही. सत्रारंभी दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून प्रकरणांचा क्रम बदलला, तर त्यास खर्च येत नाही. वेळ मात्र लागतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने भाषाशिक्षण केवळ भाषेच्या तासापुरते नसून सर्व विषयांत व्यापलेले असते, अशी भूमिका घेतली. विज्ञानातील निरीक्षण नेमक्या शब्दांत लिहिणे हेही भाषाशिक्षणच. पण त्याची जबाबदारी कोणाची, हे शाळेने एकत्रितपणे ठरविले नाही, तर ती कोणाचीच राहत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम शासनाने विनिर्दिष्ट केलेले शैक्षणिक प्राधिकरण ठरविते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला पूर्वतयारीसह किमान ४५ तास सांगितले आहेत. पूर्वतयारी अशी मोजली गेली, हे महत्त्वाचे. ती एकट्याने की सहकाऱ्यांसह करावयाची, हे वेळापत्रक आखणाऱ्या मुख्याध्यापकांवर अवलंबून आहे.

लहान शाळांचा प्रश्न वेगळा आहे. २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के सार्वजनिक प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी विद्यार्थी होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. एकशिक्षकी शाळेत विषयांचा मेळ एकाच व्यक्तीच्या हाती असतो. उणीव असते ती चर्चेसाठी सहकाऱ्याची. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेली शाळासंकुलाची कल्पना या धोरणाने पुन्हा पुढे आणली, ती याच संदर्भात. शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकासही धोरणात अपेक्षित आहे. त्यांतील काही तास संकुलातील शिक्षकांच्या संयुक्त नियोजनास देता येतील.